वाचकांचे प्रश्न : आणखी किती वर्षे नोकरी करावी?

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे निवृत्तीच्या तारखेविषयी आहेत. त्यांतील नाशिकच्या तीन वाचकांची पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. विनंतीवरून नावे दिलेली नाहीत. आकडे मात्र पत्रलेखकांचेच ठेवले आहेत, कारण आकडे बाजूला ठेवून या विषयावर बोलायचे ठरवले की सल्ला गोड होतो आणि निरुपयोगीही होतो.

प्रश्न : मी अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. वय साडेचोपन्न, नोकरीला ३१ वर्षे होत आली. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून ४२,००० रुपये आहेत आणि सर्व धरून, कपात होऊन, हातात ७८,००० येतात. भविष्य निर्वाह निधीत ६२ लाख जमले आहेत. बँकेतील ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून २४ लाख आहेत. पाथर्डी फाट्याजवळचे घर स्वतःचे असून कर्ज फिटले आहे. सिडकोतील जुन्या घराचे महिन्याला ९,००० रुपये भाडे येते. घरखर्च ४०,००० आहे. मुलगी पुण्यात नोकरी करते, तिचे लग्न व्हायचे आहे. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून त्याच्या शिक्षणाला अजून साडेतीन लाख लागतील. कंपनीत निवृत्तीचे वय ५८ आहे, पण तीन पाळ्यांचे काम आता झेपत नाही. रात्रपाळीनंतर दोन दिवस डोके जड राहते, आणि मला मधुमेह आहे. दिंडोरीला धाकट्या भावाची दोन एकर द्राक्षबाग आहे. तो म्हणतो, पंचावन्नला नोकरी सोड, पंधरा लाख घाल, आपण दोघे मिळून बाग वाढवू. पत्नी माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे. तिचे म्हणणे आहे की ५८ पर्यंत थांबावे. मला स्वतःला मोकळे व्हायचे आहे. काय करावे?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : तुमच्या पत्रात दोन तारखा आहेत. ५५ ही भावाची तारीख आहे आणि ५८ ही कंपनीची; पत्नीने कंपनीच्या तारखेला अनुमोदन दिले आहे. तुमची स्वतःची तारीख पत्रात कोठेच नाही. ती काढायची तर ‘किती रक्कम पुरेल’ असे विचारण्यापेक्षा ‘नोकरीचे पुढचे एकेक वर्ष मला काय देते आणि माझ्याकडून काय घेते’ असे विचारावे, कारण या तीन वर्षांची किंमत सारखी नाही. ते तुमच्याच आकड्यांवरून दाखवता येते.

आधी पंचावन्नाव्या वर्षाचा हिशेब पाहू. ग्रॅच्युइटी म्हणजे अखेरच्या पगाराचे १५ दिवस गुणिले सेवेची वर्षे, भागिले २६. तुमच्या बाबतीत ती साडेसात लाखांच्या आसपास येते. ती, भविष्य निर्वाह निधी आणि ठेवी मिळून ९३ ते ९४ लाख होतात. त्यातून मुलाच्या शिक्षणाचे साडेतीन लाख, मुलीच्या लग्नासाठी १२ लाख आणि आजारपणासाठी हात न लावण्याचे ८ लाख बाजूला काढले की ७० लाख उरतात. घरभाडे वजा जाता या रकमेतून दरमहा ३१,००० रुपये काढावे लागतील. गुंतवणुकीवर सरासरी ८ टक्के मिळतात आणि महागाई ६ टक्क्यांनी वाढते असे धरले, तर ही रक्कम तुमच्या एकोणऐंशीव्या वर्षाच्या सुमारास संपते. त्या वेळी तुमच्या पत्नीचे वय ७५ असेल. त्यांच्या आग्रहामागे हाच हिशेब असण्याची दाट शक्यता आहे, जरी त्यांनी तो कागदावर मांडलेला नसला तरी.

आता दोन वर्षे थांबल्यास काय होते ते पाहा. भविष्य निर्वाह निधीला २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी ८.२५ टक्के व्याज मिळाले. साधारण तेवढेच मिळत राहील असे धरले, त्यात तुमची व कंपनीची वर्गणी, ठेवींची वाढ आणि पगारातून शिल्लक राहणारी रक्कम मिळवली आणि मुलाची फी वजा केली, तर ५७ व्या वर्षी एकूण शिल्लक १ कोटी १८ लाखांच्या घरात जाते. लग्न व आजारपणाचे २० लाख बाजूला काढून ९८ लाख उरतात. तोपर्यंत घरखर्च ४५,००० झालेला असेल आणि भाडे १०,००० झालेले असेल, म्हणजे दरमहा ३५,००० काढावे लागतील. वरच्याच दरांनी ही रक्कम तुमच्या एकोणनव्वदाव्या वर्षापर्यंत पुरते. नोकरीच्या दोन वर्षांनी शेवटाकडची दहा वर्षे मिळवून दिली. या दोन वर्षांत पगार येतो एवढेच घडत नाही. जमलेल्या रकमेला हातही लागत नाही, मुलाची फी पगारातूनच भागते आणि रक्कम पुरायला हवी तो काळही दोन वर्षांनी कमी होतो.

आणि तिसरे वर्ष? ५८ पर्यंत थांबलात तर तोच हिशेब ९४ व्या वर्षापर्यंत पोहोचतो. हा आकडा वाईट नाही, पण ८९ ते ९४ या वयासाठी आज रात्रपाळ्या करायच्या का, हा प्रश्न रास्त आहे, आणि मधुमेह असलेल्या माणसाने तो स्वतःला विचारलाच पाहिजे. म्हणून माझे मत असे आहे की तुम्ही ५५ ला सोडू नये आणि केवळ नियमात लिहिले आहे म्हणून ५८ पर्यंतही थांबू नये; ५७ च्या सुमारास, मुलाचे शेवटचे वर्ष संपताना, बाहेर पडावे. ८ टक्के हा दर थोडा उदार आहे हे मान्य आहे. निम्म्याहून अधिक रक्कम सुरक्षित ठेवून उरलेला भाग चांगल्या म्युच्युअल फंडांत दीर्घकाळ राहू दिला तरच तो साधतो. सगळे पैसे बँकेच्या ठेवीत टाकल्यास साधणार नाही.

पत्नीशी बोलताना हे तिन्ही आकडे त्यांच्यासमोर ठेवा. ‘मला कंटाळा आला’ हे वाक्य घरात कोणाला पटत नाही. ‘पंचावन्नला सोडले तर पैसे ७९ पर्यंत, सत्तावन्नला सोडले तर ८९ पर्यंत’ हे वाक्य पटते, आणि त्यानंतर रात्रपाळीचा विषय काढला तर तो ऐकून घेतला जातो.

ही दोन वर्षे आजच्यासारखीच काढायची असेही नाही. कंपनीच्या डॉक्टरांकडून मधुमेहाचा दाखला घेऊन जनरल पाळी मागा. रात्रपाळीचा भत्ता जाईल, कदाचित तपासणीच्या जागेवरून कागदपत्रांच्या टेबलावर बसावे लागेल, आणि ज्यांना आपण शिकवले त्यांच्या हाताखाली काम करण्याची वेळही येऊ शकते. त्याचे वाईट वाटते. पण तुमच्या पत्रातील थकवा मुख्यतः पाळ्यांचा आहे, कामाचा नाही, असे मला ते वाचताना जाणवले. पाळी बदलून तो निम्मा झाला तर मोकळेपणाचा काही भाग तुम्हाला नोकरीत असतानाच मिळेल.

काही गोष्टी मात्र आजच कराव्यात. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःच्या नव्या पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाल असतो आणि तो जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. ५७ ला नोकरी सोडून मग पॉलिसी घेतली तर मधुमेहाशी संबंधित उपचारांना साठीपर्यंत संरक्षण मिळणार नाही. आज घेतली तर हा काळ बहुतांशी नोकरीत असतानाच संपतो. सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते, ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली आहे. पण ५७ ते ७० ही तेरा वर्षे तुमची तुम्हालाच सांभाळायची आहेत. दोघांचा हप्ता तुमच्या ४०,००० च्या घरखर्चात धरलेला नसेल, तर तो धरून वरचा हिशेब पुन्हा करा.

कर्मचारी पेन्शन योजनेवर फार विसंबू नका. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७० हे त्याचे सूत्र आहे, आणि पगार १५,००० पर्यंतच धरला जातो. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी तर ६,५०० चीच मर्यादा लागते. पूर्ण ३५ वर्षे वरच्या मर्यादेने धरली तरी महिन्याला ७,५०० च्या पुढे जाता येत नाही, तेव्हा तुमची रक्कम त्याहून बरीच कमी असेल. ती ५० नंतर केव्हाही सुरू करता येते, पण ५८ च्या आत जितकी वर्षे लवकर घ्याल तितक्या वर्षांसाठी दर वर्षी ४ टक्के कपात होते आणि ती कायमची राहते. नोकरी ५७ ला सोडली तरी पेन्शनचा अर्ज ५८ पूर्ण झाल्यावरच करावा.

टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एरवी साठीनंतर प्रवेश मिळतो, परंतु ५५ ते ६० या वयात निवृत्त होणाऱ्यांना निवृत्तीचे लाभ हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत आणि त्या लाभांच्या रकमेपर्यंत पैसे ठेवता येतात. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा ३० लाख आहे आणि त्याच महिन्यापासून दर ८.२ टक्के आहे, म्हणजे ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. सरकार या दरांचा दर तीन महिन्यांनी फेरआढावा घेते, म्हणून पैसे ठेवण्यापूर्वी चालू दर पाहावा. कंपनीच्या पत्रात ‘राजीनामा’ असा शब्द न येता ‘निवृत्ती’ असा स्पष्ट उल्लेख असावा, हे पत्र टाइप होण्यापूर्वी मनुष्यबळ विभागात जाऊन पाहून घ्या. खाते उघडताना तो कागद मागितला जातो. आयकराची काळजी फारशी नको. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावा लागत नाही, आणि तुमचे व्याज व भाडे मिळून त्याच्या आतच राहील.

आता द्राक्षबागेचा विषय, ज्यावर मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते. तुम्ही तिला मोकळेपणा म्हणता. तुमचे बालपण दिंडोरीत गेले असेल तर मी सांगतो त्यात तुम्हाला नवे काही नाही, पण तीस वर्षे कारखान्यात काढल्यावर बाग रविवारच्या फेरफटक्यातच दिसते. ऑक्टोबर छाटणीपासून फेब्रुवारी-मार्चच्या काढणीपर्यंत त्या दोन एकरांतील पाळी कारखान्यापेक्षा कडक असते. छाटणीनंतर बाग पोंग्यात, म्हणजे डोळे फुटण्याच्या अवस्थेत, असताना एका रात्री पाऊस झाला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने पहाटे अंधारातच फवारणीचा ट्रॅक्टर बाहेर काढावा लागतो. ढग हटले नाहीत तर संध्याकाळी पुन्हा. घड जिरले, फुलोऱ्यात गळ झाली, डिपिंगला, म्हणजे घड संजीवकात बुडवायला, मजूर वेळेवर मिळाले नाहीत, यांतील कोणतीही एक गोष्ट वर्षाचा हिशेब उलटा करते. हे सर्व पार पडून माल तयार झाला की व्यापारी दर पाडतो किंवा माल नेऊन पैसे थकवतो. भाऊ हे सगळे जाणतो आणि तरीही बाग करतो, कारण ते त्याचे काम आहे आणि त्यात त्याचा मान आहे. तुमच्यासाठी ते नवे काम ठरेल, आणि तेही मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्या लागणाऱ्या माणसासाठी.

पैशाच्या बाजूने तर हिशेब सरळ आहे. ५५ ला सोडून पंधरा लाख बागेत घातले तर उरलेली रक्कम ७२-७३ व्या वर्षी संपते. ५७ ला सोडून घातले तर ८९ चा आकडा ८२ वर येतो. बागेतून उत्पन्न येणारच नाही असे मी म्हणत नाही. ते कोणत्या वर्षी येईल हे कोणी सांगू शकत नाही, आणि निवृत्त माणसाच्या खिशाला नेमके तेच परवडत नाही. भावाला मदत करायचीच असेल तर जी रक्कम परत आली नाही तरी दोघांचे बोलणे बंद होणार नाही, एवढीच द्यावी, आणि ती उसनी की भागीदारी हे दोघांच्या सहीने लिहून ठेवावे. साठलेली पी.एल. (हक्काची रजा) आहे का? असल्यास येत्या छाटणीपासून तीन-चार आठवडे सलग दिंडोरीला राहा. रोज पहाटे बागेत जा, मजुरांचे पगार स्वतः वाटा, औषधांच्या दुकानातील उधारीची वही पाहा. त्यानंतरही इच्छा तितकीच राहिली तर ५७ नंतर तुमचे श्रम बागेत घाला. पैसे घरातच राहू द्या.

प्रश्न : मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात १९९९ पासून नोकरी करते. वय ५१. मूळ वेतन ७०,००० च्या जवळपास आहे. यजमान बँकेत आहेत आणि त्यांची आठ वर्षे बाकी आहेत. मुलगा नोकरीला लागला आहे, घराचे कर्ज नाही. गेली काही वर्षे मोडी लिपी शिकून जुने कागद वाचण्याचा नाद लागला आहे आणि आता उरलेले आयुष्य त्यात घालवावे असे वाटते. माझी जुनी पेन्शन योजना आहे, त्यामुळे स्वेच्छानिवृत्ती घेण्याचा विचार आहे. सासूबाई ८२ वर्षांच्या असून त्यांना आता सोबत लागते. यजमान म्हणतात, ‘घे निवृत्ती, आईचीही सोय होईल.’ माझ्या आईला मात्र सरकारी नोकरी सोडणे म्हणजे वेडेपणा वाटतो. आपले मत द्यावे.
— एक भगिनी, इंदिरानगर

उत्तर : आपल्या पत्रातील पैशाचा भाग अवघड नाही. आपण १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आल्यामुळे महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ आपल्याला लागू आहेत. वीस वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. निवृत्तिवेतन अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मे, म्हणजे आज ३५,००० च्या आसपास, आणि त्यावर महागाई वाढ मिळत राहील. ५८ पर्यंत राहिल्यास वार्षिक ३ टक्के वेतनवाढीने मूळ वेतन ८६,००० पर्यंत जाईल आणि निवृत्तिवेतन ४३,००० होईल. म्हणजे आपण जन्मभरासाठी मूळ रकमेत महिन्याला सुमारे ८,००० रुपये आणि पुढची सात वर्षे निम्मा पगार सोडणार आहात. नुकसान खरे आहे, पण महागाईबरोबर वाढणारे उत्पन्न, स्वतःचे घर आणि यजमानांचा पगार असताना ते सोसण्याजोगे आहे. आधीच्या पत्रातील गृहस्थांकडे एक कोटी असूनही जी निश्चिंती नाही, ती आपल्याला महागाई वाढीमुळे आपोआप मिळाली आहे. आपल्या मातोश्रींना हे आकडे दाखवा. त्यांच्या पिढीने नोकरी किती कष्टाने टिकवली हे लक्षात घेऊन दाखवा.

निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात आणि पंधरा वर्षांनी तो भाग पुन्हा सुरू होतो. कर्ज नसताना आणि मोठा खर्च समोर नसताना तो पूर्ण विकण्याचे कारण मला दिसत नाही.

आपल्या पत्रातील खरी अडचण यजमानांच्या एका वाक्यात आहे. ‘आईचीही सोय होईल’ या वाक्यात आपल्या सात वर्षांचे वाटप होऊन गेले आहे, आणि त्यात मोडीचा उल्लेख नाही. हे त्यांनी कपटाने म्हटले असेल असे मुळीच नाही. आपल्याकडे नोकरी सोडलेली बाई ‘आता घरीच असते’ असे सगळे गृहीत धरतात. मग गॅसचे सिलिंडर, पाहुणे, सोसायटीची बैठक, दवाखान्याची फेरी, सगळे तिच्याकडे येते, आणि दुपारी चारला तिने दप्तर उघडले की कोणीतरी चहाचे विचारते. नोकरीत असताना निदान पावणेदहा ते सव्वासहा हे तास कोणी मागत नव्हते. तो पगार सोडण्याच्या बदल्यात तेच तास घराला मिळणार असतील, तर आपण मोकळ्या होणार नाही. बिनपगारी कामावर रुजू व्हाल.

म्हणून नोटीस देण्यापूर्वी यजमानांबरोबर बसून तीन गोष्टी ठरवाव्यात, आणि शक्य तर मुलालाही बसवावे. सासूबाईंच्या सोबतीसाठी दिवसा ब्युरोकडून मावशी ठेवायची का, आणि तिचा पगार यजमानांच्या उत्पन्नातून द्यायचा का? आठवड्यातील कोणते दिवस आपले, आणि त्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे झाले तर रजा कोण काढणार? आपली कामाची जागा कोणती? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण जेवणाच्या टेबलावर जुने कागद पसरून कोणाचे वाचन झाल्याचे मी पाहिलेले नाही. नाशिकला सार्वजनिक वाचनालयासारखी १८४० पासूनची संस्था आहे; अभ्यासासाठी घराबाहेर पडून ठरावीक वेळी जाऊन बसण्याची सवय लावली, तर घरचेही त्या वेळेला कचेरीच्या वेळेसारखा मान देऊ लागतात, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

हे ठरल्यावरही लगेच नोटीस देऊ नये. अर्जित रजा शिल्लक असेल तर दोन महिन्यांची घ्या, आणि निवृत्त झाल्यासारख्याच राहा : मावशी ठेवून, दिवस वाटून, वाचनालयात जाऊन. त्या दोन महिन्यांत किती पाने वाचून झाली याची नोंद ठेवा. वाटून घेतलेले दिवस दुसऱ्याच आठवड्यात मोडले, तर ते निवृत्तीनंतर पाळले जातील अशी आशा धरू नये. अशा वेळी नोकरी चालू ठेवून शनिवार-रविवार आणि रजा मोडीला देणे अधिक शहाणपणाचे होईल. नोटीस एकदा दिली की ती मागे घेण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता लागते, त्यामुळे ‘देऊन तर पाहू’ असा हा कागद नव्हे.

सासूबाईंची सेवा स्वतः करावी असे आपल्याला मनापासून वाटत असेल, तर वरचे सर्व बाजूला ठेवावे. मात्र मग तसे स्पष्ट म्हणावे. मोडीचे नाव त्यासाठी पुढे करू नये.

प्रश्न : भांडी बाजारात आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे वडिलोपार्जित दुकान आहे. वय ६१. मुलगा आठ वर्षे माझ्यासोबत बसतो. पैशाची अडचण नाही. त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीबरोबर एकदा पूर्ण पायी पंढरपूरला जाण्याची फार दिवसांची इच्छा आहे. २०१५ च्या सिंहस्थानंतर मुलाच्या हाती दुकान देईन म्हणालो होतो, ते राहून गेले. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, विक्री चांगली होईल. तो झाल्यावर निवृत्त व्हावे म्हणतो. योग्य ठरेल का?
— एक व्यापारी वाचक, जुने नाशिक

उत्तर : नोकरदाराला कोणीतरी तारीख देतो, व्यापाऱ्याला ती कोणी देत नाही, म्हणून तो सिंहस्थाची तारीख धरतो. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि त्याच्यामागून दिवाळी, मग लग्नसराई येतेच, तेव्हा २०२७ नंतरही थांबायला कारण मिळेल. पैशाची अडचण नाही असे आपणच लिहिता, मग सिंहस्थातील विक्रीचे निमित्त कशासाठी?

उलट मी असे सुचवीन की सिंहस्थाच्या आधीच पालखीबरोबर जावे. पालखी ज्येष्ठात निघते. त्या दिवसांत लग्नसराई ओसरलेली असते आणि धनत्रयोदशी दूर असते, त्यामुळे भांड्यांच्या धंद्याला तो काळ सैल असतो. दुकानाच्या आणि तिजोरीच्या किल्ल्या मुलाकडे द्या, मालाची खरेदी त्याला ठरवू द्या, आणि वाटेवरून रोज गल्ल्याची चौकशी करू नका. साठी ओलांडलेल्या गुडघ्यांना पंढरपूरपर्यंतची वाट आज जितकी झेपेल तितकी दोन वर्षांनी झेपेलच असे नाही. गुडघे कोणत्याही पर्वणीसाठी थांबत नाहीत. परत आल्यावर मुलाने केलेल्या चुका दिसतील. त्या महिनाभरातल्याच असतील आणि सुधारता येतील. सिंहस्थाच्या गर्दीत पहिल्यांदा एकट्याने दुकान सांभाळताना झालेल्या चुका महाग पडतील, म्हणून हा सराव आधीच व्हावा.

पूर्ण निवृत्तीपूर्वी कागद मात्र नीट पाहावेत. दुकान पागडीचे असेल तर भाडेपावती कोणाच्या नावावर आहे आणि मालक मुलाचे नाव लावून देण्यास तयार आहे का, हे आधी विचारा. आपण एकटे मालक म्हणून जीएसटी नोंदणी केली असेल, तर ती मुलाच्या नावावर तशीच जात नाही. त्याला नवी नोंदणी घ्यावी लागते आणि आपल्या खात्यातील शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) ठरलेला अर्ज भरून त्याच्याकडे वर्ग करावे लागते. दोघांची भागीदारी करून नंतर आपण बाहेर पडण्याचाही मार्ग आहे, परंतु भागीदारीलाही नवी नोंदणी लागतेच. बँकेचे कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचे कर्ज) असल्यास बँकेची संमती लागेल. या कामांना चार-सहा महिने जातात, म्हणून आपल्या कर सल्लागारांना या दिवाळीनंतर लगेच भेटावे, म्हणजे पुढच्या ज्येष्ठापर्यंत ती उरकलेली असतील.